कोलेस्टेरॉलच्या धसक्याने बंद केलेली अंडी

"कातडीखालचं मांस मरत चाललंय. लगेच ऑपरेशन केलं तर जीव वाचवायचा प्रयत्न करू. पायाचं आत्ता काही सांगता येत नाही."

पिंपरीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई आमच्या ह्यांचा पाय बघून म्हणाल्या. आजाराचं नाव नेक्रोटायझिंग फॅसायटिस. म्हणजे जखमेतून शिरलेले जंतू कातडीखाली झपाट्याने पसरतात आणि आतलं मांस सडवतात.

कारण केवढंसं! चाकणच्या कारखान्यात, पत्रे दाबून भाग बनवायच्या प्रेस शॉपमध्ये, पत्र्याची कड आमच्या ह्यांच्या नडगीला लागली. तिथे अपघाताविना गेलेल्या दिवसांचा बोर्ड आहे. एक नोंद झाली की आकडा शून्यावर येतो आणि सगळी शिफ्ट तोंड पाडून बसते. म्हणून ह्यांनी मशीन पुसायची चिंधी गुंडाळली, वरून टेप मारली आणि ओव्हरटाइम करून घरी आले. काय म्हणावं या शहाणपणाला!

दुसऱ्या दिवशी ताप. पाय वरून जरासा लाल, पण चादर टेकली तरी कळ मस्तकात जायची. तुमच्या घरात कुणाचं दुखणं जखमेच्या मानाने फार जास्त वाटलं, तर घरी बसू नका. आम्ही हळदीचा लेप लावत बसलो होतो.

ऑपरेशन करून सडलेलं मांस कापून काढलं, जखम उघडीच ठेवली. आयसीयूबाहेरच्या बाकावर मी आणि सासूबाई. दार उघडलं की दोघी उठून उभ्या राहायचो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हे जंतू विष सोडतात. आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, विष त्यालाच चिकटतं आणि पडद्याला भोकं पाडतं. म्हणून एक औषध जंतू मारायला आणि दुसरं विष बनणं थांबवायला.

एवढ्यातून माझ्या डोक्यात एकच शब्द बसला. कोलेस्टेरॉल! हे वॉर्डात आल्यावर मी ताटातलं अंडं काढून घ्यायला लागले. दूध, तूप, तेल बंद. हेही घाबरलेले, निमूट कोरडी भाकरी चावायचे. माणूस वाळत चाललाय, असं सासूबाई म्हणत राहिल्या. मी त्यांच्यावरच खेकसले.

मग एका ड्रेसिंगला डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. जखम भरत नव्हती. लाल मांस आलं नाही तर वरून कातडी लावता येणार नाही, आणि जखम अशीच राहिली तर पाय काढायचा विचार करावा लागेल, म्हणाल्या. यांना खायला काय देता, असं विचारलं.

"अंडी न्हाई, दूध न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "हिनं समदं बंद केलंय."

बाई रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. "ताई, ते कोलेस्टेरॉल पेशींच्या अंगचंच असतं. शरीर ते स्वतः बनवतं. अंडं बंद करून विष अडत नाही. पण मांस भरायला प्रथिनं लागतात, ती तुम्ही बंद केलीत."

जिन्यात जाऊन मी पोटभर रडले. पाय मीच घालवणार होते की! डॉक्टरांचं बोलणं अर्धवट कळलं तर लाज सोडून पुन्हा विचारा, एवढंच सांगते.

अंडी सुरू झाली, दूध सुरू झालं. हळूहळू जखमेत लाल मांस धरलं. मांडीची कातडी काढून नडगीवर लावली आणि ती टिकली. त्या बाईंचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

आता हे पुन्हा कामावर जातात, जरा लंगडत. घरी आले की मी आधी पँट वर करायला लावते. "अगं, हाय ना पाय," म्हणून वैतागतात. वैतागू देत. हात लावून बघते, मगच चहा टाकते.