बाभळीची उटी

काका गेल्याचा निरोप घेऊन शिरपूरहून गडी आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तवा उतरवायचंही भान राहिलं नाही. त्याला आता काही आठवडे झाले, पण काका आठवले की ती जुनी मोटारच डोळ्यांपुढे येते...

काकांनी हौसेनं मोटार घेतली खरी, पण जीव गाडीबैलांतच अडकलेला. पोळ्याला बैलांबरोबर तिलाही झूल पडायची. प्रवासाला निघण्याआधी छकड्याच्या चाकांना एरंडेल द्यायचं, ही घरची रीत. चाक करकरलं तर घरधन्याची अब्रू जाते, असं ते म्हणत.

त्या वर्षी काकू तापानं फणफणली. अकोल्याच्या डॉक्टरकडे नेल्यावाचून इलाज नव्हता. मोटारीचं मागचं चाक थांबताना करकरत होतं. आजारी माणसाला त्रास नको म्हणून काकांनी रीतीप्रमाणे तिच्या चाकांनाही एरंडेल दिलं. करकर थांबली, तेव्हा त्यांना केवढं समाधान वाटलं होतं...

पातूरच्या घाटात उतार लागला. सोबतीला मी होते, काकूचं डोकं माझ्या मांडीवर होतं. काका ब्रेकवर पाय दाबत होते आणि मोटार थांबायचं नाव घेईना. हातब्रेक ओढला, तोही फुकट. शेवटी त्यांनी तिला डोंगराच्या अंगाला घातली. पत्रा खरवडत, माती उडवत ती थांबली. मागून आलेल्या एका गाडीवानानं काही न विचारता आपली बाभळीची उटी, चाक अडवायचा लाकडी ठोकळा, चाकाखाली सारली.

काकांनी आधी ब्रेकच्या सळया आवळल्या. फरक पडेना. मग चाक काढलं. चाकाला आवळून धरणारा पट्टा तेलानं ओलागच्च झाला होता. त्यांनी बोट नाकाशी नेलं. एरंडेलाचाच वास.

"मीच पाजलं तिले," एवढंच म्हणाले.

मग चिंधीवर पेट्रोल घेऊन ते पट्टा पुसत राहिले. आतून काकूनं क्षीण आवाजात विचारलं, "पोचलो काय जी?"

"पोचून राह्यलो. तू नीज."

पट्टा वाळल्यावर आम्ही गोगलगायीसारखे घाट उतरलो. काकू वाचली. मला त्या दिवसाबद्दल काकांचा कधीच राग आला नाही. मायेपोटी चुकलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं? त्यांनी मात्र स्वतःला माफ केलं नाही.

गाडीवानानं उटी परत घेतली नाही. तेव्हापासून मोटार सपाट अंगणात उभी असली तरी काका दिवेलागणीला तिच्या चाकाखाली उटी लावत. पुढे मोटार कायमची बंद पडली, चाकं मातीत रुतली, तरी त्यांचा नेम चुकला नाही. मोटार पळून जाते काय, अशी आम्ही थट्टा करायचो. काका हसत नसत.

तेराव्याला मी गेले होते. पाहुणे पांगले. देवापुढे दिवा लावून काकू अंगणात गेली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि उटी चाकाखाली नीट सारली.

मी म्हटलं, "आता कायले, काकू?"

"उटी लावल्याबिगर त्याईले झोप नाही लागत," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसत घरात गेली.