अण्णांची घडीची खुर्ची

"तिकडं तोंड कर, दिगू. मग खातो." अण्णा माझ्याशी शेवटचं बोलले ते एवढंच. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती. शब्द जड येत, पण कळत. वहिनी चमच्यानं मऊ भात भरवायला बसल्या होत्या आणि मी पलंगाशेजारी अण्णांच्याच घडीच्या खुर्चीवर बसलो होतो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी ते गेले. या गोष्टीला आता दीड महिना होईल.

शोकसभेत मी मागच्या ओळीत होतो. अण्णांनी सरकारचा एक दाणा वाया जाऊ दिला नाही, असं एक जण म्हणाले. दुसरे म्हणाले, असा सचोटीचा माणूस पुन्हा होणे नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा घसा बसल्याचं निमित्त केलं. अण्णा माझे थोरले चुलतभाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला धाराशिवला आणलं, आपल्या ताटाशेजारी ताट मांडून सहा वर्षं शिकवलं आणि पुढं नोकरीलाही लावलं. त्यामुळं माझ्याकडून चार गोड शब्दांची अपेक्षा असणं स्वाभाविक आहे. ते माझ्याजवळ नाहीत.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतरची ती वर्षं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आपल्या भागात जे घडलं, ते ज्यांनी पाहिलं ते अजून मोठ्यानं बोलत नाहीत. काही वस्त्यांत कर्ते पुरुष उरलेच नव्हते, आणि त्यातच पाऊस दगा देऊ लागला. सरकारनं मोफत अन्नाची केंद्रं उघडली. ती नीट चालतात का, खरंच गरज आहे का, हे पाहून अहवाल देण्याचं काम अण्णांकडं आलं. मी त्यांचा कारकून. एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात त्यांची घडीची खुर्ची, असा मी एस.टी.तून त्यांच्यामागं हिंडायचो.

सुरुवातीला केंद्रावर कोरडी ज्वारी देत. एका गावी ती दुकानदाराच्या कोठीत जाते, हे अण्णांनी उघडकीला आणलं आणि त्यांचं नाव झालं. मग नियम आला : अन्न शिजवून द्यायचं आणि तिथंच खायचं, घरी न्यायचं नाही. अण्णांना तो नियम फार आवडला. केंद्रावर पोचले की चुलीसमोर खुर्ची उघडायची, बसायचं आणि म्हणायचं, "माझ्यासमोर खा." बायका पदर ओढून, अंग चोरून घास गिळत. ते नजर हलवत नसत. तोंडात गेलेलाच घास ते खरा मानत.

असंच एका मंगळवारी आम्ही एका वस्तीत गेलो. वैशाखातली दुपार, रमजानचा महिना. ज्वारीच्या कण्या शिजून तयार होत्या. वीस-पंचवीस बायका भिंतीच्या सावलीला पातेली घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या वतीनं बोलायची अमीनाखाला. तिचा नवरा आणि दोन दीर त्या धामधुमीत गेले होते.

"साहेब, रोजे हायेत आमचे. दिवस बुडाला की खाऊ. पातेल्यात घालून द्या, घरी न्हेतो."

"घरी नेता येत नाही, बाई. नियम आहे."

"मंग तुमी बसा की संध्याकाळपत्तोर. बघा समदं, कोण किती खातंय त्ये."

"पाचची गाडी आहे मला."

तिनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, गुळाचा खडा ठेवला. अण्णांनी गूळ बाजूला सारला. "आज मंगळवार. भवानीचा उपास असतो माझा."

अमीनाखाला हसली. "व्हय का? तुमचा उपास, आमचा रोजा. मंग जेवायचं कुणी अन् बघायचं कुणी, साहेब?"

बायका खुदकन हसल्या. अण्णांचा चेहरा उतरला. लहान पोरं तेवढी जेवली. अण्णा मला म्हणाले, "लिही. प्रौढांनी अन्न घेतलं नाही. गरज दिसत नाही."

मी हळूच म्हणालो, "अण्णा, रमजान आहे..."

"मला माहीत आहे. तक्त्यात रमजानचा रकाना आहे का?"

भिंतीकडून एक म्हातारी ओरडली, "रकाना न्हाय तर आखा की वो एक! रूळ हाये न्हवं बाबूच्या हातात?"

रूळ माझ्याच हातात होता. मी मान खाली घातली आणि अण्णांनी सांगितलं ते माझ्या अक्षरात लिहिलं. अक्षर चांगलं आहे म्हणून तर मला ती नोकरी मिळाली होती.

पावसाळ्याच्या तोंडावर ते केंद्र बंद झालं. काही बायका येडशीच्या रस्त्यावर खडी फोडायला गेल्या, काही पोरांना घेऊन सोलापूरला गेल्या. रूळ आखायला सांगणारी म्हातारी कुठंच गेली नाही. श्रावणात वारली, असं मागून कळलं. अमीनाखाला बाजारात भाजी विकू लागली. मी गवार घ्यायला गेलो की पिशवी माझ्या हातात देता देता थांबायची. "हितंच खा, कारकूनबाबू, माझ्यासमोर. घरी न्यायला परवानगी न्हाय." शेजारी भाजी विकणाऱ्या बागवान बायका हसत. मीही हसल्यासारखं करी. गवार मात्र ती नेहमी मूठभर जास्तच घालायची...

पुढं बऱ्याच वर्षांनी एकदा मी अण्णांना विचारलं, तुम्हाला ती वस्ती आठवते का? ते वाचत होते. चष्मा काढून म्हणाले, "मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही." ते खरंच होतं. त्या दिवशी मोठ्यांपैकी कुणी जेवलं नव्हतं. त्या अहवालात एकही शब्द खोटा नाही आणि माझा त्यांच्यावरचा राग तोच आहे. लाच खाणारा माणूस कधी लाजला तरी असता. अण्णा संध्याकाळी घरी येऊन, आंघोळ करून, दिवा लावून उपास सोडत. त्या मंगळवारीही सोडला. मी शेजारच्या ताटावर होतो. वहिनींनी वाढलं आणि मी जेवलो.

तर त्या शेवटच्या भेटीत ते म्हणाले, तिकडं तोंड कर. भात ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर येत होता आणि तो मी बघू नये, असं त्यांना वाटत होतं. मला सगळं समजत होतं. मी तोंड फिरवलं नाही. त्यांनी ओठ मिटून घेतले. वहिनी दोनदा चमचा पुढं करून थकल्या आणि वाटी आत घेऊन गेल्या. मी बसूनच राहिलो.

तेरावं झाल्यावर वहिनींनी ती खुर्ची माझ्याकडं पाठवली. तुमच्या भावाची आठवण म्हणून ठेवा, असा निरोप होता. माझ्या खोलीत ती जेवायच्या जागेसमोरच उघडी असते. ताटं मांडली की मी उठतो आणि तिचं तोंड भिंतीकडं करून ठेवतो. खुर्ची फार हलकी आहे. एका हातानं वळते.