काटेभाऊंचा शाकाहार

"काटा खोटं बोलत नाय. माणूस बोलतो."

हे वाक्य काटेभाऊ दिवसातून निदान चाळीस वेळा म्हणत, आणि म्हणताना केबिनच्या काचेवर अंगठीचं बोट टकटक वाजवत. समोर ट्रकवाला हातवारे करून वजन जास्त दाखवलंय म्हणून भांडत असायचा. भाऊ बोट वाजवायचे आणि तो गप्प व्हायचा. बोटाला घाबरून नव्हे, बोटामागे जो देह होता त्याला घाबरून.

महाडहून एमआयडीसीकडे जाताना रस्त्याच्या कडेला तो वजनकाटा होता. जमिनीत बसवलेली लांबलचक लोखंडी पाटी, तिच्यावर भरलेला ट्रक चढवायचा, की शेजारच्या केबिनमध्ये आकडा उमटायचा. त्या केबिनमध्ये भाऊ बसत. त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं म्हणे. आम्ही कोणी ते विचारलं नाही. केबिन आधी बांधली की भाऊ आधी बसले, हेही कुणाला सांगता येत नसे. माझा अंदाज असा, की भाऊ आधी बसले आणि भिंती मागाहून त्यांच्याभोवती रचल्या. कारण त्या दारातून त्यांना सरळ बाहेर येताना मी बारा वर्षांत पाहिलं नाही. ते तिरके येत.

काट्याच्या बरोब्बर समोर माझी खानावळ. दुपारी एकला भाऊ रस्ता ओलांडू लागले की माझी बायको आतून विचारायची, "एकटेच आहेत ना? की गाडी भरून आलीय?" एकटेच असत, पण भात गाडीचाच टाकावा लागे. बुधवारी मटण, शुक्रवारी मासे, रविवारी दोन्ही, आणि बाकीच्या दिवशी या दोहोंची आठवण म्हणून अंड्याचा रस्सा. तुम्ही खानावळ चालवली असेल तर तुम्हाला कळेल, असं गिऱ्हाईक म्हणजे देवमाणूस. माझ्या स्लॅबचा अर्धा भाग भाऊंनी जेवून जेवून बांधला आहे.

असा हा माणूस एका शिमग्याहून परत आला आणि माझ्या बाकड्यावर बसून म्हणाला, "मालक, आजपासून भाजी."

मला वाटलं, कुणीतरी गेलं असणार.

गेलं कुणी नव्हतं, जायची वेळ मानाची आली होती. भाऊंचं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. शिमग्याला देवीची पालखी खालच्या सहाणेवरून, म्हणजे ती जिथे बसवतात त्या चौथऱ्यावरून, वरच्या देवळात नेतात. पालखीच्या पुढच्या दांड्याचा उजवा खांदा भाऊंच्या घराण्याचा. आजा, बाप, मग भाऊ. पायऱ्या अडीचशे, भाऊ सांगत तेव्हा पाचशे होत. त्या वर्षी निम्म्यावर भाऊंचा दम असा लागला की पालखी एका अंगाला कलली आणि देवीच्या नाकातली नथ हलली. नथ हलली हे सगळ्या गावाने पाहिलं. मुंबईहून आलेल्या पोरांनी मोबाइलमध्येही घेतलं.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. चुलतभावाचं नाव पुढे आलं, मान त्याला द्यावा. या चुलतभावाशी भाऊ नऊ वर्षं बोलत नव्हते. दोघांच्या बांधावर एक फणस होता आणि त्याचे फणस नेमके कुणाच्या बाजूला पडतात हा प्रश्न होता. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या शिमग्याला नव्वद किलोंत येतो. नाय आलो तर मान तुमचा तुम्ही कुणालाबी द्या." आणि देवीपुढे नारळ ठेवून त्यांनी मटण-मच्छी सोडली.

महाडच्या डॉक्टरांनी त्याला दुजोरा दिला. साखर काठावर, ब्लडप्रेशर काठाच्या पलीकडे. "शाकाहार करा, आणि मोजून खा," असं डॉक्टर म्हणाले. त्यातलं पहिलं निम्मं भाऊंनी ऐकलं.

आता वजन बघायचं कशावर? मी म्हटलं, औषधाच्या दुकानात तो छोटा काटा असतो. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सोनाराला कुणी रताळी तोलायला सांगावीत. "त्या डबीवर? तिला सरकारी शिक्का तरी हाय का?" तेव्हा रोज सकाळी, पहिला ट्रक यायच्या आधी, भाऊ चप्पल काढून त्या साठ टनी काट्याच्या मधोमध उभे राहत. मी केबिनमध्ये जाऊन आकडा वाचायचा.

"किती?"

"एकशे दहा."

अडचण एवढीच, की ट्रकच्या काट्याला किलो-दोन किलो ही गोष्टच कळत नाही. तो दहा-दहा किलोंनी बोलतो. त्यामुळे भाऊ महिनाभर एकशे दहा होते. हात वर केले तरी एकशे दहा, श्वास सोडून उभे राहिले तरी एकशे दहा.

मी धंदेवाला माणूस, खोटं कशाला सांगू. सुरुवातीला मी कट केला. दुपारी सुरमई तळताना टेबलफॅनचं तोंड काट्याकडे फिरवून ठेवलं. तो वास असा होता की दोन ट्रकवाले वजन न करताच उतरून जेवायला आले. भाऊंनी केबिनची काच बंद केली आणि त्या उकाड्यात आत उकडून घेतलं. तुडीलहून येणारी मासेवाली सवयीने काट्यापाशी टोपली उतरवायची. तिला भाऊ आतूनच सांगायचे, "आज नको गो. आणि ती टोपली तिकडं तोंड करून ठेव." टोपलीला तोंड कुठून आलं हे तिने विचारलं नाही. तिलाही कीव आली असावी.

शाकाहार मात्र जोरात चालला होता. मटण नाही म्हणून साबुदाण्याची खिचडी, वाटीने नव्हे, परातीने. मासे नाहीत म्हणून बटाटेवडे. काजूची उसळ, पुरणपोळ्या, श्रीखंड. "निवळ भाजीपाला हाय मालक," असं म्हणत भाऊंनी माझ्या डोळ्यांदेखत अर्धा किलो आम्रखंड संपवलं. त्यांनी खोलीवरून आणलेल्या वांग्याच्या भाजीत सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, कशी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सुकट न् सोडे म्हंजे काय मासे नायत. ते मीठ-मसाल्यात धरायचं." अख्ख्या महाड तालुक्यात या मुद्द्यावर भाऊंना विरोध करणारा माणूस सापडला नसता, म्हणून मीही गप्प बसलो.

आषाढात एके दिवशी मी आकडा वाचला आणि परत वाचला.

"काय झालं? फुटा की तोंडातनं."

"भाऊ, एकशे वीस."

भाऊ काट्यावरून उतरले, परत चढले. एकशे वीस. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट म्हटली: "काटा बिघडलाय." त्यांनी तपासणीवाल्यांना बोलावलं. ते प्रमाण वजनं घेऊन आले, एकेक मांडून पाहिलं. काटा सुतासारखा सरळ. तपासणीवाला सही करून गेला आणि भाऊ माझ्या बाकड्यावर येऊन बसले. कितीतरी वेळ त्यांनी काहीच मागितलं नाही, पाणीसुद्धा.

"मालक," शेवटी ते म्हणाले, "मान जातोय हो."

एवढा मोठा देह इतक्या बारीक आवाजात बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी मी टेबलफॅन उलटा फिरवला आणि गावी भाऊंच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, फोन केला.

वहिनी वाडीहून एक पिशवी घेऊन भाऊंच्या महाडच्या खोलीवर राहायला आल्या. पिशवीत नाचणी, कुळीथ आणि कडवे वाल. पहिल्याच दिवशी त्यांनी सोडे शेजारणीला देऊन टाकले.

"अगो, ते मसाल्यात—"

"मसाला माझा मी बघते. तुम्ही ताट बघा."

ताट बघण्यासारखं नव्हतं. एक भाकरी, कुळथाचं पिठलं, टाकळ्याची भाजी, ताक. पावसाळ्यात डोंगरावर जे जे हिरवं उगवलं ते वहिनींनी भाऊंना चारलं. भाऊ म्हणत, "आमच्या गुरांच्या वाटचं संपवतोय मी." सकाळी चवदार तळ्याला चालत जायचं, दोन फेऱ्या मारायच्या आणि परत. पहिल्या आठवड्यात तळ्यावरच्या लोकांना वाटलं, हा माणूस कुणाची तरी वाट बघत उभा आहे. इतकं त्यांचं चालणं सावकाश होतं. दिवाळीपर्यंत ते लोक भाऊंना वाट देऊ लागले.

आकडा एकशे दहावर आला. संक्रांतीला शंभर. त्या दिवशी भाऊ केबिनच्या दारातून सरळ आत गेले, आणि आत गेल्यावर त्यांनाच ते उमगलं. परत बाहेर आले, परत सरळ आत गेले. तीनदा. मागे ट्रकांची रांग लागली, ती थेट पुढच्या नाते गावापर्यंत गेली होती असं मी सांगतो आणि लोक हसतात.

शिमग्याच्या आदल्या सकाळी मी केबिनमध्ये गेलो. भाऊ काट्यावर डोळे मिटून उभे.

"नव्वद."

भाऊंनी डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाले, "परत वाचा." मी पाच वेळा वाचलं. चौऱ्याण्णव असले तरी तो काटा नव्वदच म्हणणार, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण सरकारी शिक्का कुणाला होता?

मी भाऊंबरोबर वाडीला गेलो. होळीचं पुरण झालं. दुसऱ्या दिवशी पालखी सहाणेवर सजली, ढोल वाजू लागले, भाऊ धोतर कसून पुढच्या दांड्याशी उभे राहिले. गावाने त्यांना ओळखायलाच थोडा वेळ घेतला. आणि तेवढ्यात गुरव द्रोण घेऊन पुढे आला.

द्रोणात मटण होतं. इथे आम्ही सगळेच एक गोष्ट विसरलो होतो. ज्याचा पहिला खांदा, त्यानेच देवीच्या तिखट्या नैवेद्याचा पहिला घास घ्यायचा, मगच पालखी उचलायची. बारा महिने भाऊ खांद्यासाठी झुरले आणि घास कुणाच्या ध्यानातच आला नाही.

"एकच घास," एक म्हातारा म्हणाला. "देवीचाच हाय. ती काय म्हणतेय?"

"देवी नाय म्हणायची," भाऊ म्हणाले. "पर मला एक घास खाता येत नाय, तात्या. मी एक घास खाल्ला की बोकड संपतो."

ढोल थांबले. द्रोणातून वाफ येत होती आणि भाऊंची नाकपुडी हलत होती, ते मी जवळून पाहिलं. हात पुढे झाला. द्रोण घेतला. वहिनींनी पदर तोंडाशी नेला.

मग भाऊ मागे वळले. मागच्या दांड्याशी चुलतभाऊ उभा होता. भाऊंनी द्रोण त्याच्यापुढे धरला.

"घे. घराण्यातल्या माणसानं खायचा. तू घराण्यातला हायस का नाय?"

चुलतभाऊ द्रोणाकडे बघत राहिला. दहा वर्षांनी कानावर पडलेला आवाज तो. "आणि खांदा, दादा?"

"खांदा माझा."

गावकीच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. घास घराण्यातच राहतोय, खांदाही घराण्यातच. नाही म्हणायला जागा नव्हती. चुलतभावाने घास तोंडात टाकला, चावत चावत भाऊंना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "लई वाळलास रे दादा."

पालखी उठली. मी पायऱ्या मोजत मागून चाललो आणि शंभराच्या पुढे माझाच दम सुटला. गेल्या वर्षी जिथे पालखी कलली होती तिथे ती क्षणभर थांबली. मागून चुलतभावाचा आवाज आला, "सोडायची का, दादा?"

"गप चाल. खाल्लंयस तू, जोर लाव."

वर देवळात पालखी टेकली तेव्हा नथ जागच्या जागी होती. भाऊ खांबाला टेकून बसले, घामाने न्हालेले, आणि त्यांनी दुसरं काही नाही, ताक मागितलं.

पुढे रस्ता रुंद झाला आणि काटा त्यात गेला. भाऊ कायमचे वाडीला गेले. माझ्या खानावळीत आता शाकाहारी थाळीही मिळते. कुणी मागत नाही, पण मिळते. समोर नवीन गाड्या सुसाट जातात आणि त्यांचं वजन किती हे कुणी सांगत नाही.

मागच्या वर्षी एका रविवारी वाडीला जाणं झालं. अंगणात दोन ताटं मांडलेली. एकात पडवळाची भाजी आणि भाकरी, त्यापुढे भाऊ. दुसऱ्यात कोंबडीचा रस्सा, त्यापुढे चुलतभाऊ. चुलतभाऊ तंगडी तोडायचा, चावायचा, आणि भाऊ डोळे मिटून पडवळाचा घास तोंडात धरून बसलेले.

"सांग," भाऊ म्हणाले.

"मीठ बरोबर हाय. खोबरं जरा जास्त भाजलंय. पर तंगडी मऊ हाय, दादा, लई मऊ."

"सावकाश सांग रे," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी घास चावायला सुरुवात केली.