कोऱ्या पट्टीची पुस्तकं

आमच्या मॅडम तीन दिवसांच्या शिबिराहून परत आल्या त्या मोठाले शब्द घेऊन. विविधता. समावेशकता. वाचनालयाचं दार सगळ्यांना उघडं हवं, म्हणाल्या. मी मागच्या खोलीत पुस्तकांची बांधणी करतो, मला सगळे मामा म्हणतात. मी म्हटलं, "दार तर रोज सकाळी नऊला मीच उघडतो की." मॅडमना ते काही रुचलं नाही.

आधीच सांगतो, माणूस वाईट नाही. बावीस वर्षं त्या काउंटरवर बसल्यात. नवरा लवकर गेला, भावाच्या घरी एका खोलीत राहतात. तिथे त्यांचं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही, म्हणून सगळा जीव इथे. हजारभर सभासद, प्रत्येकाचा नंबर तोंडपाठ. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, सगळं ठाऊक. पण त्यांच्या लेखी वाचक म्हणजे सभासद. जो सभासद नाही तो येणारा-जाणारा.

तर शिबिरातून आल्यावर त्यांना एक कोपरा करायचा होता. निरनिराळ्या माणसांची नवी पुस्तकं, बसक्या खुर्च्या, रंगीत पाटी. पण जागा आणायची कुठून? आमच्याकडे मुंगीला शिरायला वाव नाही. मग ठरलं, जी पुस्तकं कुणी नेत नाही ती बाद करायची. पुस्तक घरी दिलं की शेवटच्या पानावरच्या पट्टीवर आम्ही तारखेचा शिक्का मारतो. पट्टी कोरी, म्हणजे पुस्तक कुणी वाचत नाही. मॅडम पट्ट्या बघत गेल्या, मी गठ्ठे बांधत गेलो.

सगळ्यात खालच्या फळीवर त्रेचाळीस पुस्तकं होती, वेगळ्याच भाषेतली, आम्हा दोघांना अक्षरही न लागणारी. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरनं जाताना दिलेली. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पट्ट्या कोऱ्या.

इथे मी बोलायला हवं होतं. ती पुस्तकं रोज वाचली जायची आणि ते मला ठाऊक होतं. माझ्या खोलीच्या खिडकीतून ती फळी समोर दिसते. दुपारी दोनला मावशी यायच्या. पलीकडच्या गल्लीत एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं सगळं करायच्या, तिथेच राहायच्या. तो जेवून झोपला की दीड तास त्यांचा. जमिनीवर बसून पुस्तक काढायच्या, ओठ हलवत वाचायच्या आणि जिथलं तिथे ठेवून जायच्या. सभासद व्हायला इथे स्वतःचं घर असलेला जामीनदार लागतो. चार वर्षांपूर्वी त्यांनी विचारलं होतं, तेव्हा मॅडमनी गोड आवाजात नियम वाचून दाखवला होता.

पण नेमकं त्याच सकाळी मॅडमनी मला चारचौघांत खळीच्या डागावरून झापलं होतं. म्हटलं, शिबिर तुम्ही केलंत, शहाण्या तुम्ही, करा काय करायचं ते. मूग गिळून बसलो आणि सुतळीची गाठ मारली. शनिवारी रद्दीवाला गठ्ठे घेऊन गेला.

सोमवारी मावशी आल्या. खालची फळी बघितली, मग वरच्या बघितल्या, मग एकेक कपाट. शेवटी काउंटरवर आल्या.

"ती पुस्तकं कुठे ठेवली?"

"कुठली हो, मावशी?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या भाषेतली. खालची."

मॅडमचा शिक्का हातातच राहिला. "ती तुम्ही वाचायचात? मला वाटायचं, पंख्याखाली जरा टेकायला येता."

मावशी चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शब्द शोधत, सावकाश म्हणाल्या, "उठल्यापासून झोपेपर्यंत मी तुमचंच बोलते. माझं बोलणारं इथे कुणी नाही. मध्ये एकदा आईचा आवाज आठवायला गेले, तर ती तुमच्या भाषेत बोलायला लागली. भीती वाटली. म्हणून वाचायला येत होते."

मॅडम काउंटर माझ्यावर टाकून तशाच रद्दीवाल्याकडे गेल्या. पण बैल गेला अन् झोपा केला. माल रविवारीच कारखान्यात पोचला होता. परतल्या तोवर मावशी निघून गेल्या होत्या, म्हाताऱ्याची उठायची वेळ झाली होती. मॅडम माझ्या खोलीत येऊन स्टुलावर बसल्या.

"मामा, तुम्हाला इथून दिसत असेल ना?"

"हो," मी म्हटलं. मला वाटलं, आता काही माझी खैर नाही. पण त्या नुसत्या उठून काउंटरवर गेल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशी आणखी दोन दिवस आल्या. नव्या कोपऱ्यात, 'सर्वांचं स्वागत' या पाटीखाली, हात मांडीवर ठेवून थोडा वेळ बसल्या. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. पुढेही नाहीत.

मॅडमनी कमिटीकडे त्या भाषेतली पुस्तकं मागितली. अध्यक्षांनी विचारलं, "सभासद किती त्या भाषेचे?" एकही नाही. "मग मागवायची कुणासाठी?" मॅडम म्हणाल्या, "सभासद आधी करून आणते." फॉर्म काढला, पत्ता म्हाताऱ्याचा घातला आणि जामीनदार म्हणून स्वतःची सही ठोकली. भावाच्या घरी राहणाऱ्या बाईची सही नियमात बसत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? बावीस वर्षांत त्यांनी नियम मोडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. नाव तेवढं मावशींनाच विचारून घालू, म्हणाल्या. घर मला माहीत होतं, म्हणून मी बरोबर गेलो.

दार म्हाताऱ्याच्या सुनेनं उघडलं. "सासरे गेले, पंधरा दिवस झाले. मग मावशींना ठेवून काय करणार?"

"कुठे गेल्या त्या?" मॅडमनी विचारलं.

"काय माहीत. ज्यांनी त्यांना आमच्याकडे कामाला पाठवलं होतं तेही आता इथे नाहीत."

"निदान त्यांचं नाव सांगा. कुठेतरी विचारता येईल."

सून गोंधळली. आत वळून म्हणाली, "अहो, मावशींचं नाव काय होतं?"

आतला टीव्ही बंद झाला. मग नवऱ्याचा आवाज आला, "मावशीच म्हणायचो ना आपण."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. चार वर्षं मी मावशी-मावशी करत त्यांना चहा विचारला होता, आणि केवढी आपुलकी दाखवतोय असं मलाच वाटायचं. मलाही सगळे मामाच म्हणतात, पण पगारपत्रकावर माझं नाव आहे. त्यांचं कुठेच नव्हतं.

उतरताना मॅडम जिन्यातच थांबल्या. "मामा, त्या स्वतःची भाषा विसरत चालल्या होत्या," त्या म्हणाल्या, "आणि उरलेली मी रद्दीत घातली." मग कठडा धरून रडायला लागल्या. सांगावंसं वाटलं की एकट्या तुम्ही नाही, मीही होतो त्यात. पण नुसता त्यांच्या हातातला फॉर्म घेतला आणि खाली जाऊन उभा राहिलो.