गाडीच्या देखत नको

नव्या मोटरसायकलबद्दल तक्रारीचा शब्द काढला की तो आधी माझ्या तोंडावर हात ठेवायचा. मग बाही धरून मला गाडीपासून लांब ओढत न्यायचा आणि दबक्या आवाजात म्हणायचा, "हां, आता बोल. तिच्या देखत नको."

तो मुरब्याचा, समुद्रकाठच्या मासेमारांच्या गावचा. बोईसरला एकाच कारखान्यात आम्ही पॅकिंगला होतो. मी साताऱ्याकडचा, म्हणून त्याच्या लेखी मी कायमचा 'घाटावाला'. वयानं माझ्याहून बराच मोठा, पण अरेतुरे पहिल्या दिवसापासून. आता तो निवृत्त होऊन गावी असतो आणि कारखान्यात माझ्या तोंडावर हात ठेवणारं कुणी उरलेलं नाही.

गाडी त्यानं घेतली ती बायकोसाठी. वहिनी बोईसरच्या बाजारात मासळी विकायच्या. पहाटे टोपली घेऊन शेअर रिक्षाची वाट बघायची, मिळाली की टोपली मांडीवर घेऊन कोंबून बसायचं, हे त्यांच्या गुडघ्यांना झेपेनासं झालं होतं. सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटून त्यानं जाहीर केलं, "आता बायको राणीवानी येनार बाजारात."

पण शोरूमवाल्यांनी ती गाडी नीट जोडली होती की घाईघाईत नुसती उभी केली होती, देव जाणे. हँडल डावीकडे धरलं की गाडी सरळ जायची. हेडलाइटचा उजेड रस्ता सोडून माडांच्या शेंड्यांवर. एका आरशात आभाळ, दुसऱ्यात त्याचाच खांदा. टायरमध्ये हवा इतकी ठासलेली की खड्डा आला की सीट एकीकडे आणि मी दुसरीकडे. संध्याकाळी कारखान्यातून स्टेशनापर्यंत मी त्याच्या मागे बसायचो, म्हणून हे अधिकारानं सांगतोय. एवढंही मी सोसलं असतं. पण जरा वेग घेतला की मागचं चाक डुलायचं, आणि चाकाचं डुलणं हा काही थट्टेचा विषय नाही.

"अरे, शोरूमला दाखव की!"

"नवीन हाय रे. नव्या होडीला पन पयला म्हावरा घरात येईपर्यंत खोट काढून नाव ठेवाचा नाय. माझ्या बापाचा नियम."

"ही होडी आहे का?"

"नवीन तर हाय ना?"

आता अशा माणसाशी काय बोलणार? तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. डोकं आपटावंसं वाटतं, पण त्याच्यावर आपटावं की भिंतीवर, ते ठरत नाही.

फार मागे लागलो तेव्हा एकदा गेला शोरूमला. गाडी लांब नाक्यावर पानटपरीच्या आड लावली आणि चालत आत गेला. काउंटरवरच्या पोरीला कानात सांगितल्यासारखं म्हणाला, "मागं जरा हालते."

"गाडी कुठंय काका? आणा ना आत."

"आनतो. पन आनल्यावर मी काय बोलनार नाय."

मेकॅनिक बिहारचा होता. त्यानं कपाळाला हात लावला. "बिना गाडी के क्या देखूँ मैं?"

पुढच्या खेपेला मी स्वतः गाडी ढकलत आत नेली. तक्रारी घडाघडा सांगितल्या, आवाज चढवला. मॅनेजर शांतपणे त्याच्याकडे वळला. "काका, गाडीची काही तक्रार?"

यानं गाडीकडे चोरून पाहिलं. "नाय, नाय. झकास हाय."

मॅनेजरनं मला विचारलं, "गाडी तुमची आहे का?" बाहेर आल्यावर मी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं.

शेवटी रविवारी बाजारात वहिनींनाच गाठलं. म्हटलं, तुम्ही तरी सांगा त्याला, रोज त्या गाडीवर बसता तुम्ही.

"मी?" बोंबील मोजता मोजता त्या थांबल्या. "मला कुठं बसवतो तो? आजपर्यंत एकदा नाय बसवला. मी रिक्षात टोपली घेऊन, आनि हा रिक्षाच्या मागं रिकामी गाडी घेऊन. सगला गाव हसतो आमाला."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. सोमवारी संध्याकाळी कारखाना सुटल्यावर मी अर्ध्या रस्त्यात गाडी थांबवायला लावली.

"बायकोला बसवत नाहीस. मग मला का बसवतोस?"

"तुझा लगीन कुठं झालाय अजून?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी गाडीसमोर उभा राहून ओरडलो, "मागचं चाक सैल आहे हिचं! ऐक म्हणावं! सैल आहे!"

त्याचा हात माझ्या तोंडाकडे आला नाही. तो तिथंच रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या दगडावर बसला. चेहरा पार उतरला होता.

"असाच बोललेलो मी," तो म्हणाला. "बापाची नवी होडी. पूजेच्या दिवशी मी आत खेलत व्हतो. एक फली हातानं हालली. सगल्यांसमोर बोललो, बाबा, ही फली सैल हाय. बापानं मुस्काटात दिली. दुसऱ्या दिवशी होडी गेली. बापाला दुसऱ्या होडीवाल्यांनी पान्यातून काढला. मोठा भाऊ नाय आला."

मग म्हणाला, "सगली बोलली, पोरानं नाव ठेवला म्हनून गेली."

"अरे, फळी सैल होती म्हणून गेली!" मी अजून ओरडतच होतो. "तू खरं सांगितलंस! इतकी मोठी माणसं होती तिथं, एकानं हात लावून बघितला नाही?"

तो माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत हे त्याला कुणी म्हटलंच नव्हतं, असं त्याच्या डोळ्यांवरून वाटलं. इतके दिवस मी त्याच्यावर चिडलो होतो. त्या क्षणी मला राग आला तो कधी न पाहिलेल्या त्या किनाऱ्यावरच्या सगळ्या मोठ्या माणसांचा. याच्यावर मात्र माया दाटून आली.

"बघाला पायजे व्हता," तो पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी गाडी त्यानं नाक्यावर लावली नाही. थेट शोरूमच्या दारात नेली. एक हात टाकीवर ठेवून उभा राहिला. मॅनेजरनं मागचाच प्रश्न विचारला, काही तक्रार?

तो टाकीकडे वाकून काहीतरी बोलला.

"काय म्हणालात?"

"मागचा चाक सैल हाय!" तो एवढ्या मोठ्यानं बोलला की गाड्या बघायला आलेली माणसं वळून पाहू लागली.

बिहारी मेकॅनिकनं खाली बसून मागच्या चाकाच्या नटला पाना लावला. नट जोर न लावताच फिरला. त्याचा चेहरा बदलला. चाक सरळ करून, चेन जुळवून त्यानं नट करकचून आवळला आणि हात पुसत उभा राहिला.

"इतना ढीला! मर जाते, चाचा. पहले क्यों नहीं बोला?"

"बोललेलो," तो म्हणाला. "लहान व्हतो तवा."

मेकॅनिकला काही उमगलं नाही. "क्या बोल रहे हैं?" त्यानं मला विचारलं.

मी त्याला हेडलाइट खाली करायला सांगितलं.