कोहळा फुटला नाही

कल्लाप्पाअण्णांना युनियनवाले सेक्रेटरी म्हणतात, मी आगाऊ म्हणते. तोंडावर म्हणते, आणि ते हसतात. माणूस अथणीकडचा, निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलणार आणि न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरणार. पीण्या इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या गल्लीत बारसं असो की आजारपण, हे आधी हजर. युनियनच्या हॉलमध्ये कुणा मेंबरच्या मुलीचं लग्न असलं, तर भांडी घासलीत का तेही हेच बघणार. सेक्रेटरीचं हे काम आहे का, असं त्यांची बायको चंपाक्कासुद्धा विचारते.

गेल्या उन्हाळ्यात फॅक्टरीत आमच्या ह्यांचा उजवा हात प्रेस मशीनखाली सापडला. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. युनियननं तेव्हा काय केलं नाही हो? दवाखान्यात पाळ्या लावून माणसं बसवली; एकाची शिफ्ट सुटली की तो यायचा, दुसरा घरी जायचा. आमच्या दारात रोज कुणाचा ना कुणाचा डबा. कंपनीशी भांडून ह्यांच्यासाठी टूल रूममध्ये हलकं काम मिळवलं. सगळं झालं, पण हे घराबाहेर पडेनात. हात पंच्यात गुंडाळून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. दसऱ्यानंतर कामावर आला नाहीत तर जागा दुसऱ्याला देऊ, असा कंपनीचा निरोप आलेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी अण्णा रिक्षा घेऊन दारात उभे. फॅक्टरीत रीत अशी की ज्याचं मशीन त्यानंच पुजायचं. ह्यांच्या प्रेसला कुणी हार घातला नव्हता.

“मधुअण्णा, तुमचं मशीन तसंच उभं आहे,” ते म्हणाले. “तुमच्याशिवाय कोण हात लावणार?”

माझं डोकंच फिरलं. ज्यानं बोटं खाल्ली त्याला हळदकुंकू वाहायचं? मी अण्णांना तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि उरलेलं तिथं येऊन बोला म्हणाले. हे उठले कसे कोण जाणे, बहुतेक माझा आवाज गल्लीभर जायला लागला म्हणून. मी गेले ती भांडायलाच.

शेडमध्ये सगळी मशीनं झेंडूनं सजलेली. पूजा झाली की दृष्ट काढून आपटायचा तो कोहळा एका बाजूला ठेवला होता. अण्णांनी तो उचलून एका लांब फळीवर ठेवला आणि ह्यांचीच प्रेस सुरू करायला लावली. वरचा लोखंडी ठोकळा खाली यायला लागला तशी त्यांनी फळी आत सरकवली. ह्यांनी माझा दंड गच्च धरला. मी डोळे मिटून घेतले.

आवाज झालाच नाही. बघते तर ठोकळा अधांतरी थांबलेला आणि कोहळा अख्खा.

अपघात झाल्यापासून युनियन कंपनीच्या हात धुऊन मागे लागली होती. आता प्रत्येक प्रेसला सेन्सर बसवून घेतला होता. आत काही शिरलं की मशीन जागच्या जागी थांबतं. आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. नुसतं सांगून पटलं असतं का, म्हणाले.

हे कितीतरी वेळ त्या कोहळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पंचा सोडला. लोकांसमोर तो हात पहिल्यांदाच उघडा केला, कुंकवात अंगठा बुडवला आणि मशीनला टिळा लावला. मला रडू आवरेना.

पुजारी कोहळा फोडायला आले, तर अण्णांनी दिला नाही. दुसरा आणायला सांगितला आणि हा माझ्या पदरात टाकला. सकाळी ज्यांना नाही नाही ते बोलले, त्यांच्या मी सगळ्यांदेखत पाया पडले. “स्वल्प बाजूला व्हा वैनी,” म्हणाले, “अजून पुष्कळ मशीनं राहिलीत.” आगाऊच माणूस. देव त्यांचं भलं करो.

परतताना रिक्षात कोहळा ह्यांच्या मांडीवर होता, त्याच हातानं धरलेला. घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, “परवापासून डबा कर.”