माझा पट्टीवाला उभा होता

पट्टीवाला माझा होता आणि मोजेवाला त्याचा. आमचं हे भांडण आम्हाला मिसरूड फुटायच्या आधीपासूनचं आहे. ते आजही मिटलेलं नाही, आणि त्याला एक गेम जबाबदार आहे.

तेव्हा मी क्रांती चौकाजवळच्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात कामाला होतो. टोकन टाकून उभ्यानं खेळायची लाकडी मशीनं होती. ती पुसायची, टोकनं द्यायची, अडकलेलं बटण मोकळं करायचं, ही माझी कामं. आमचं गाव फुलंब्रीच्या पुढं. घरी मेंढरं. मला मेंढरांमागं हिंडायचं नव्हतं म्हणून मी शहर धरलं. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मालक मला खेळू द्यायचा, कारण मशीनं नीट चालतात का हे कुणीतरी बघायलाच हवं होतं. मारामारीच्या गेममध्ये एक पोट सुटलेला, एका डोळ्यावर पट्टी बांधलेला पैलवान होता. तो हळू चालायचा म्हणून त्याला कुणी घ्यायचं नाही. मी घेतला. रिकाम्या दुकानात त्याचा एकेक डाव शिकलो आणि मग त्या मशीनवर मला हरवणारा कुणी राहिला नाही.

मोजेवाला ज्याचा, तो पोरगा क्लास सुटल्यावर यायचा. सिडकोत बंगला, आजोबा वकील, वडील वाळूजच्या कंपनीत साहेब. त्याच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता, आणि त्यात दुसऱ्याच कंपनीची मारामारी. त्यातला त्याचा माणूस सडपातळ, हातात काळे मोजे घालणारा, लाथांचा पाऊस पाडणारा. माझ्या मशीनवर तो माझ्याकडून मार खायचा आणि जाताना म्हणायचा, तुझा पैलवान माझ्या मोजेवाल्यासमोर टिकायचा नाही. मी म्हणायचो, आण त्याला इथं. पण आणणार कसा? गेम दोन, कंपन्या दोन. आमच्याकडं जत्रेत एडक्यांची टक्कर लावायचे. प्रत्येक एडका आपल्या कळपात राजाच असतो. त्यातला खरा कोण, ते टक्कर झाल्याशिवाय ठरत नाही.

एकदा तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं पोहे दिले, वर खोबरं, कोथिंबीर. तो पलंगावर आडवा पडला, बशी पोटावर ठेवली आणि खाता खाता मला हरवत राहिला. हरल्याचं मला काही वाटलं नाही, त्याच्या अंगणात तो जिंकणारच. पण ती बशी मला खुपली. जे शिकायला मी भल्या सकाळी उठून दुसऱ्याचं दुकान झाडायचो, ते याला आडवं पडून येत होतं, आणि मधेच उठून तो लिंबू मागत होता.

पुढं एक दिवस तो इंग्रजी मासिक घेऊन आला. दोन्ही कंपन्या मिळून एक गेम काढणार होत्या आणि पानावर चित्र होतं: डावीकडं माझा पट्टीवाला, उजवीकडं त्याचा मोजेवाला, नाकाला नाक. मी पान मागितलं नव्हतं. त्यानं ते टर्रकन फाडून मला दिलं. मासिकाची किंमत मला ठाऊक होती, म्हणून तो आवाज अजून कानात आहे.

गेम काही आला नाही. या वर्षी येणार, पुढच्या वर्षी येणार, असं चालू राहिलं. तो इंजिनीअरिंगला पुण्याला गेला, तिथून बंगलोरला नोकरीला. मी मालकाची जुनी मशीनं भंगारवाल्याच्या आधी घासाघीस करून उचलली, विकली, आणि त्याच गल्लीत स्वतःचं पार्लर टाकलं. टीव्ही, त्यांना जोडायची मशीनं, खुर्च्या, रिमोट, सगळं माझं. मासिकाचं पान काउंटरमागं चिकटवलं. सुट्टीला आला की तो पानाकडं बघून हसायचा आणि विचारायचा, अजून वाट बघतोयस? मला वाटायचं, तोही बघत असेल.

गेम आला तो दुष्काळात. आमच्या गल्लीत टँकर यायचा, आणि तो आला की पार्लर रिकामं व्हायचं, कारण पोरांना आया हंडे घेऊन रांगेत उभं करायच्या. शहर मात्र फुगतच चाललं होतं. नवीन मॉलमध्ये गेम झोन निघाला होता, बायपासला इमारती उठत होत्या, आणि त्या बांधायला पाणी कुठून मिळतं हे कुणी विचारत नव्हतं. चुलता आमची मेंढरं घेऊन पैठणकडं गेला होता. आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे चालत नव्हते, म्हणून ते माझ्याकडं आले होते. दिवसभर काठी घेऊन पार्लरमध्ये खुर्चीवर बसायचे आणि पडद्यावर कोण कुणाला मारतंय ते बघायचे.

डीव्हीडीवाल्याकडून गेम घेताना मी त्याला रडवला. भाव तर पाडलाच, शिवाय वर क्रिकेटचा एक गेम काढून घेतला. ही माझी सवय आहे. भाजी घेतली की कोथिंबीर वर, चप्पल घेतली की पॉलिशची डबी वर. वर मिळालेल्या वस्तूचा लोभ मी कधी धरत नाही. ती गेली तरी आपलं काय गेलं?

पण मी खोका फोडला नाही. पोरं मागं लागली, मॉलमध्ये चालू झाला म्हणून चिडवायला लागली, तरी नाही. टकरीआधी एडका बांधून ठेवतात, त्याला खुंटालासुद्धा धडकू देत नाहीत. जोर राखायचा असतो. मीही तसंच ठरवलं. पट्टीवाला पहिल्यांदा उतरेल तो मोजेवाल्यासमोरच. आबांना हे एकदम पटलं. त्यांनी एवढंच विचारलं, समोरचा येणार कवा? मी त्याला फोन केला. तो येणारच होता, कागदपत्रं न्यायला. कंपनी त्याला परदेशात पाठवत होती, कायमचं. म्हणजे टक्कर व्हायची तर तेव्हाच.

तो दुपारी आला, वडिलांची गाडी घेऊन. दुकान भरलेलं होतं, शेजारचा ज्यूसवालाही येऊन उभा राहिला. मी सगळ्यांसमोर खोका फोडला. पडद्यावर आलं की प्रत्येकानं दोन माणसं निवडायची. हे मला माहीत नव्हतं. मी पट्टीवाला घेतला, आणि दुसरी म्हणून एक छत्रीवाली पोरगी घेतली, कारण बोट तिच्यावरच होतं. वर मिळालेली. त्यानं निवडलेले दोघं मी कधी बघितले नव्हते. एक लोखंडी राक्षस, एक शेपटीवाली बाई.

"मोजेवाला कुठंय?" मी विचारलं.

"अरे, ह्यात पार वाट लावलीये त्याची. स्लो केलाय. नेटवर सगळे बोंबलतायत."

"घे त्याला."

"मग मी हरेन ना यार."

"इतकी वर्षं काय राक्षसासाठी थांबलो का मी? घे म्हणलं ना."

माझा आवाज चढला होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, खांदे उडवले, बाईला काढलं आणि तिच्या जागी मोजेवाला घेतला, दुसऱ्या नंबरवर. आपलाच माणूस असा बाजूला टाकता येतो, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडं टाकायला दुसरा होता कुठं? त्याच्याकडं नेहमीच दुसरं काहीतरी असायचं.

मी सौद्याला बसतो तसा बसलो. पहिल्यांदा छत्रीवालीला पुढं केलं. ती मार खाईल, राक्षस दमेल, मग तो मोजेवाल्याला आत घेईल, तेव्हा माझा पट्टीवाला ताज्या दमानं उतरेल. ती हलक्या अंगाची, दोन लाथा मारायची आणि चार खायची. मी तिला वाचवायचा प्रयत्नही केला नाही. पडद्यावर वर पट्टीवाल्याचा जीव दाखवणारी रेघ पूर्ण हिरवीगार होती, मी तिच्याकडंच बघत होतो. छत्रीवाली पडली. मी अंगठा तयार ठेवला. आता तो येणार.

तो आला नाही. पडद्यावर मोठ्या अक्षरात राक्षस जिंकला. मोजेवाला त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि हात झाडायला लागला, जसं काही त्यानंच केलं सगळं.

मला वाटलं, मशीन अडकलं. मी बटणं दाबत राहिलो.

"ह्यात एक पडला की दोघंही हरतात," तो म्हणाला. "तुला माहीत नव्हतं?"

आबांनी काठी पडद्याकडं केली. "तुझा तर उभाच हाय की. अंगाला हात न्हाई लागला त्याच्या. मंग हरला कसा?"

पोरं फिसकन हसली. आबा चेष्टा करत नव्हते, त्यांना खरंच कळलं नव्हतं. त्या दुकानात माझ्या बाजूनं तेवढेच एक बोलले, आणि हसू झालं ते माझंच. मी रिमोट आपटला. गेम बनवणाऱ्यांची आई-बहीण काढली, हसणाऱ्या पोरांना बाहेर काढलं. दोन कळपांचे एडके समोरासमोर आणायचे आणि टक्कर मात्र तिसऱ्याच मेंढ्यांची लावायची, हा कुठला न्याय? तो म्हणाला, "गेमच आहे रे. चल, अजून एक खेळू." तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. वकिलाकडं सह्या करायला जायचं होतं. पुढच्या वेळी नक्की, असं म्हणून त्यानं रिमोट काउंटरवर ठेवला, अगदी हळू, माझ्यासारखा आपटून नाही.

तो गाडीत बसल्यावर मला सुचलं. दोघांनी दुसऱ्या नंबरच्या माणसाला हातच लावायचा नाही. पहिल्या नंबरवर पट्टीवाला, पहिल्या नंबरवर मोजेवाला. एवढं तोंडी ठरवलं की झालं. मी धावत रस्त्यावर आलो. टँकर आडवा लागला होता, बाया हंडे घेऊन पळत होत्या, आणि त्या गर्दीच्या पलीकडं त्याची गाडी वळताना दिसली.

संध्याकाळी मी डीव्हीडीवाल्याशी भांडायला गेलो. त्यानं डिस्क लावून दाखवली आणि म्हणाला, "भाई, चल तो रही है." मी म्हणालो, जी मारामारी बघायला मी वर्षानुवर्षं थांबलो ती यात नाही. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की तो क्रिकेटचा गेम परत मागेल म्हणून मी निघून आलो. पोरांनी तो मारामारीचा गेम महिनाभर खेळला, मग सगळी क्रिकेटवर गेली. मासिकाचं पान मी काढलं नाही. ऊन लागून आधी मोजेवाला उडाला, मग माझा.

आता माझं मोबाइलचं दुकान आहे, एक शाखा सिडकोतही, त्याच्या बंगल्याच्या चौकात. बंगला पाडून तिथं फ्लॅट झाले. मागच्या उन्हाळ्यात बायपासच्या एका मंगल कार्यालयात तो भेटला. केस पिकलेत पण पोट नाही. हातात ताट, शेजारी बायको. त्यानं मला खांद्याला धरून तिच्यासमोर उभं केलं.

"हा आमचा चॅम्पियन. आमची एक फार जुनी मॅच होती, शेवटी यानंच मला हरवलं."

ती कौतुकानं हसली. आयुष्यात मला कुणी एक गोष्ट घासाघीस केल्याशिवाय दिली नाही. ज्या एका गोष्टीसाठी मी कितीही घासाघीस केली असती, ती हा मला ताटातली जिलबी उचलून द्यावी तशी देत होता. द्यायला त्याचं काही जातच नव्हतं, कारण त्यानं ती कधी धरलीच नव्हती.

"न्हाई," मी म्हणालो. "झालीच न्हाई ती मॅच."

"असं? मला वाटलं..."

मी त्याला सांगितलं की पार्लरमधलं ते मशीन अजून आहे, डिस्कही आहे, मी कुणाला विकलेली नाही. उद्या ये, एकेकटे खेळू, दुसऱ्याला हात लावायचा नाही. त्याची उद्याची फ्लाइट होती. पुढच्या वेळी नक्की, तो म्हणाला, आणि बायकोला विचारलं की मठ्ठा कुठं ठेवलाय.

मशीन मी दर दिवाळीला काढून पुसतो. चालू आहे.